नीलव्वा अक्कांची गाडी आणि माझी हुशारी

गॅरेजवाल्याला गिऱ्हाईक दोनच प्रश्न विचारतं. ‘किती होतील?’ आणि ‘कधी मिळेल?’ या दोन्ही प्रश्नांची खरी उत्तरं मी आयुष्यात फार थोड्या वेळा दिली आहेत. खोटं बोलायची हौस म्हणून नव्हे. बॉनेट उघडेपर्यंत उत्तर मलाच माहीत नसतं, आणि बॉनेट उघडल्यावर सांगायचा धीर होत नाही. म्हणून मी एक तिसरंच उत्तर शोधून काढलं आहे: ‘होऊन जाईल.’ त्यात रक्कम नाही, वार नाही, तरी ऐकणाऱ्याला बरं वाटतं. आमच्या सौभाग्यवती, कुसुम, म्हणतात की माझ्या अंगात दुसरं काही कसब नसतं तरी या दोन शब्दांवर मी संसार चालवला असता.

सोलापूरच्या भवानी पेठेत आमचं पुढं गॅरेज आणि मागं घर. मध्ये पडवी. पडवीत उभं राहिलं की पुढचं आणि मागचं दोन्ही दिसतं, म्हणून कुसुम तिथंच उभी असते. आमच्याकडं येणारा माल म्हणजे ट्रक, जीप, एस.टी.तून निवृत्त झालेल्या म्हाताऱ्या बसगाड्या आणि हंगाम संपला की श्रीपूरकडचे ऊस ओढून दमलेले ट्रॅक्टर. एका बागाईतदारानं तर ट्रॅक्टरच्या तोंडाला लिंबू-मिरच्या बांधूनच आणला होता. म्हणाला, “मेस्त्री, नजर लागलीया. धापा टाकतोय नुसता.” उघडून बघतो तर हवेच्या जाळीत उसाचं पाचट गच्च भरलेलं. मी ते काढलं, पण लिंबू काढायची हिंमत केली नाही. गाडी सुरू झाल्यावर श्रेय लिंबालाच गेलं. दुसरे एक डॉक्टर होते. ते मोटार घेऊन आले की आधी स्वतः बॉनेटला स्टेथॉस्कोप लावायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि मला म्हणायचे, “वसंता, उजव्या बाजूला घरघर आहे.” हसू नका. घरघर खरंच उजव्या बाजूला असायची.

पण दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘धंद्यातला एखादा विलक्षण अनुभव’ लिहा म्हटल्यावर मला ना ट्रॅक्टर आठवला ना डॉक्टर. आठवल्या त्या नीलव्वा अक्का.

दुष्काळ नुकताच सरला होता आणि पेट्रोलचे भाव असे भडकले होते की मोटारवाले लोक सायकलीवरून फिरताना दिसत. अशा दिवसांत एका सकाळी काळी छत्री टेकत, इरकली साडीतल्या एक बाई गॅरेजमध्ये आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, ताठ. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या आत आल्या आणि मी काही कारण नसताना उभा राहिलो. मी तर त्या शाळेत शिकलोही नव्हतो.

“मेस्त्री, एक गाडी बघायची आहे.”

“आणा की, अक्का.”

“ती येत असती तर तुमच्याकडं कशाला आले असते? आपण जायचं.”

अक्कलकोट रस्त्याला, शहर संपतं तिथं त्यांच्या घरची मोठी शेड होती. आत गोणपाटांचा ढीग. अक्कांनी छत्रीच्या टोकानं गोणपाटं बाजूला केली. त्याखालून आधी एक कोंबडी ओरडत निघाली आणि मग गाडी.

मी जन्मात अशी गाडी जवळून पाहिली नव्हती. विलायती, दोनच माणसांची, गुडघ्याइतकी बुटकी. नाक हे एवढं लांब, बॉनेट दोन्ही बाजूंनी पंखासारखं उघडणारं, चाकांना सायकलसारख्या तारा. वर टप नाही. नुसती पळायसाठी जन्माला आलेली. आणि गंज असा की दाराला हात लावला तर दार हातात आलं. पायाखालचा पत्रा उन्हात वाळलेल्या पापडासारखा. पत्र्याच्या आत लाकडाचा सांगाडा होता, तो वाळवीनं खाऊन नुसता आकार शिल्लक ठेवलेला. सीटवर कोंबडीची अंडी.

अक्कांच्या वडिलांनी, अप्पांनी, ती गिरणीतला एक गोरा इंजिनिअर विलायतेला परत जाताना त्याच्याकडून घेतली होती. अक्का तेव्हा नव्या मास्तरीण. अप्पांनी त्यांना स्वतः शिकवली, आणि अक्का साडीचा पदर खोचून ती चालवत शाळेत जाऊ लागल्या. गावानं बोलायचं ते बोलून घेतलं. मग एक दिवस इंजिन फुटलं, पुढं अप्पा गेले आणि गाडी गोणपाटाखाली गेली.

“इंजिन फुटलं कसं?” मी विचारलं.

“अक्कलकोटहून येताना. अप्पा म्हणाले, आवाज येतोय, थांब. मी थांबले नाही.” आणि मग खालच्या आवाजात, “फार सुरेख पळत होती हो.”

त्यांनी पर्समधून लायसन्स काढून दाखवलं. गाडी बंद पडून इतकी वर्षं झाली, तरी मुदत संपली की त्या जाऊन ते नवं करून घेत होत्या. ते बघून माझ्या तोंडातून आपोआप निघालं, “होऊन जाईल, अक्का.”

“काय व्हायलंय?” मागून आवाज आला. अक्कांचा धाकटा भाऊ मल्लिनाथ. अक्का त्याच्याच घरी राहत. अंगानं भरलेला, तोंडात पान, चादरींच्या धंद्यात नाव कमावलेला माणूस. “मेस्त्री, ह्या भंगाराला हात लावून आपलं नाव कशाला घालवताव? हितं माझे नवे माग बसणार हायत दसऱ्याला. जागा पाहिजे मला.”

“मल्ली, गाडी अप्पांची आहे,” अक्का म्हणाल्या.

“अप्पा गेले की, अक्का. कोंबड्या ऱ्हायल्या.”

मग दोघं कानडीत भांडले. मला कानडी कामापुरतं समजतं. भांडण त्यात बसतं. शेवटी मल्लिनाथनं मराठीत निकाल दिला, मी साक्षीदार असावा म्हणून. त्यांच्या घराण्याचं सीमोल्लंघन जकात नाक्यापलीकडं, त्यांच्या शेताच्या बांधावरच्या शमीपाशी होतं. सगळं खटलं जातं. “दसऱ्याला शमीपातूर ही आपल्या ताकदीवर आली, तर गाडी तुझी आन् शेडमधली जागा बी तुझी. पण बैल लावायचा न्हाय, ढकलायची न्हाय. अंधार पडायच्या आत न्हाय आली, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला. व्हय का न्हाय?”

“व्हय,” अक्का म्हणाल्या. मुख्याध्यापिकेच्या तोंडून ‘व्हय’ ऐकून मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

गाडी ट्रकवर घालून भवानी पेठेत आणली तेव्हा निम्मी पेठ बघायला आली. कुसुमनं पडवीतून बघितलं आणि विचारलं, “अहो, बाकीची मागून येतेय का?”

पत्र्याचं काम रसूलभाईंचं. रसूलभाई म्हणजे माझ्या गॅरेजचा उजवा हात. वाकलेला पत्रा नुसत्या हातोडीनं सरळ करून, वरून हात फिरवला तर आरशासारखा लागेल असा माणूस. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बोटानं एक ठिकाणी टोचलं, बोट आरपार गेलं. “वस्ताद, इसमें पत्रा हैच कहाँ? जंग कू रंग लगाके खडा करे हैं.” पण बोलता बोलता त्यांनी त्या मडगार्डच्या गोलसर बाकावरून हात फिरवला. तो हात परत परत फिरू लागला तसं मी समजलो की हा माणूस आता दुसरं काम हातात घ्यायचा नाही.

आता इंजिनाचं. जुनं इंजिन उघडलं, तर पोटात मुठीएवढं भोक. आतला दांडा तुटून बाहेर पडला होता. असं इंजिन विलायतेहून येणार कुठून? तेव्हा परदेशी भाग म्हणजे परमिट आणि परमिट म्हणजे पुढचा जन्म. म्हणून अपघातात मोडलेल्या एका अँबॅसिडरचं जवळजवळ नवं इंजिन, गिअरबॉक्ससकट, मी भंगार बाजारातून आणलं. जुनं इंजिन बाहेर काढून ठेवलं तेव्हा मात्र वाईट वाटलं. इतकं देखणं ओतीव काम. साहेबानं आतले भागसुद्धा घासून चकचकीत केले होते, जिथं कुणी कधी बघणार नाही तिथंही. माझ्या हातून आजवर आतली, न दिसणारी कुठलीच वस्तू घासली गेली नाही.

इंजिन बदलणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला मी असं सांगतो: जुन्या घराच्या जिन्यातून नवं कपाट वर नेणं. कपाटही चांगलं असतं, जिनाही चांगला असतो, भांडण होतं ते वळणावर. इंजिन बसवलं, तर त्याचं तेलाचं भांडं पुढच्या आसाला टेकलं. भांडं कापलं, जोडलं. मग बॉनेट लागेना. इंजिन खाली घेतलं, तर पंखा रेडिएटरला घासू लागला. अँबॅसिडरचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. या गाडीत तो दोन सीटांच्या मध्ये हवा. त्यासाठी मी लोखंडी पट्ट्यांचा असा काही गुंता केला की रसूलभाई त्याला ‘जिलेबी’ म्हणायचे. पण जिलेबी चालली! पाचही ठिकाणी गिअर खटकन पडला. त्या दिवशी मी जेवताना कुसुमला पानातल्या चमच्यानं गिअर टाकून दाखवले.

अक्का रोज शाळा सुटल्यावर येत. स्टुलावर बसत, छत्री मांडीवर. काही विचारत नसत, पण त्या असल्या की मी आणि रसूलभाई पाने जागच्या जागी ठेवत असू. इंजिनानं पहिल्यांदा धरलं, धूर ओकला आणि ते एकदम गोड सुरात लागलं, तेव्हा अक्का उठून उभ्या राहिल्या, बॉनेटपाशी गेल्या आणि इंजिनाला म्हणाल्या, “शाब्बास.” माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

आणि मग आली माझी हुशारी.

मोटारीच्या मागच्या आसाच्या मध्यावर एक लोखंडी गोळा असतो. इंजिनाची ताकद एका लांब दांड्यातून त्या गोळ्यात येते आणि आतल्या दातांच्या चाकांवरून वळून मागच्या दोन चाकांना मिळते. या गाडीचा मागचा आस गंजून गेलेला, म्हणून तोही अँबॅसिडरचाच घेतला आणि टर्नरकडून दोन्ही बाजूंनी आखूड करून आणला. बसवला. तर तो लांब दांडा फिरताना चासीच्या आडव्या पट्टीला घासू लागला. दोन बोटांचा प्रश्न. दांडा दोन बोटं वर असता तर काम फत्ते.

मी गाडीखाली आडवा पडून विचार करत होतो आणि एकदम लख्ख दिसलं. त्या गोळ्यात दांडा बरोबर मध्यावर शिरत नाही, थोडा खालून शिरतो. मग गोळाच उलटा बसवला तर? खालचं वर येईल आणि दांडा आपोआप वर जाईल! मी गोळा सोडला, वरचं खाली केलं आणि लावला. बोल्टची सगळी भोकं जशीच्या तशी जुळली. वस्तू इतकी सहज बसली की मेकॅनिकनं घाबरायला पाहिजे. मी आनंदानं चहा मागवला.

“वस्ताद,” रसूलभाई म्हणाले, “इंजिनिअर लोगां कू ये कैसा नई सूझा?”

“त्यांना भवानी पेठेत राहावं लागत नाही,” मी म्हणालो. मला आजही ते वाक्य आठवलं की कान तापतात.

चाकं तेवढी राहिली होती. तारा बदलून सरळ करायला ती सायकल दुरुस्तीवाल्याकडं दिली होती आणि तो माझाच गुरुबंधू. त्याचंही उत्तर ‘होऊन जाईल.’ चाकं आली ती खंडेनवमीला सकाळी. त्या दिवशी आमच्याकडं हत्यारांची पूजा. कुसुम पहाटेपासून गरम पाण्यात सोडा घालून बसलेली. पाने, हातोड्या, जॅक, छिन्न्या, सगळं धुऊन पाटावर मांडायचं, हळदीकुंकू, झेंडू, आणि मग दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या हत्यारांची तेवढीच सुट्टी. रसूलभाई आपल्या हातोड्यासुद्धा दरवर्षी स्वतः आणून पाटावर ठेवतात. म्हणतात, “इनो भी थकते.”

“अहो, झालं का? पान्यांसाठी पूजा खोळंबलीय,” कुसुम पडवीतून.

“शेवटचं चाक,” मी म्हणालो. शेवटचं चाक आवळलं, पाना तिच्या हातात दिला. तिनं तो धुतला, पुसला आणि पाटावर ठेवून त्यावर झेंडू ठेवला. पूजा झाली. आरती झाली.

मग मी नवा सदरा घालून गाडीत बसलो. रंग अक्कांनीच निवडलेला, पिकल्या लिंबाचा. अंगणात निम्मी पेठ. सायलेन्सर असा काही गुरगुरत होता की समोरच्या माडीवरच्या बायका खिडकीत आल्या. मी सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला.

गाडी मागं गेली. मागं पाण्याचं पिंप होतं.

मी म्हटलं, चुकून बॅक पडला असेल. पुन्हा नीट पहिला टाकला. पुन्हा मागं. दुसरा टाकला, जास्त जोरात मागं, आणि लोक पांगले.

“वस्ताद,” रसूलभाई ओल्या पायजम्यानं बाजूला होत म्हणाले, “गाडी तो पीछेच जारी. मैके की याद आई क्या इसकू?”

मी जमिनीवर बसलो आणि बोटांनी हवेत दातांची चाकं फिरवून बघितली. गोळा उलटा केला की दांडा वर येतो हे खरं. पण आतलं मोठं चाक डावीकडचं उजवीकडं जातं आणि सगळंच उलटं फिरायला लागतं. म्हणजे पुढं जायचे चारही गिअर आता मागं जायचे झाले होते. आणि जो बॅक गिअर, तो एकटा पुढं जाणारा.

“कुसुम,” मी म्हणालो, “पाने दे. गोळा उतरवायला पाहिजे.”

कुसुमनं पाटाकडं बघितलं. “उद्या सीमोल्लंघन झाल्यावर.”

“अगं, उद्याच शमीला पोचायचंय! अक्कांची गाडी भंगारात जाईल.”

“त्या पूजेतल्या पान्यांनी आपण वर्षभर जेवतो. मी उचलू देणार नाही.”

मी सायकल काढून निघालो दुसऱ्या गॅरेजांतून पाने मागायला. पण सोलापुरात त्या दिवशी ज्या गॅरेजात जावं तिथं पाटावर झेंडूखाली पाने. एकानं तर मलाच प्रसाद दिला. घरी आलो तेव्हा अक्का स्टुलावर येऊन बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर हात जोडून सगळं सांगितलं. गोळा, दांडा, दोन बोटं, भवानी पेठेतली हुशारी. वाटलं, आता छत्री बसणार.

अक्कांनी शांतपणे ऐकलं. मग वर्गात उत्तर तपासावं तसं विचारलं, “म्हणजे पुढं जायला एक गिअर, आणि मागं जायला चार?”

“होय, अक्का.”

“पण चालते?”

“चालते.”

“मग उद्या दुपारी तयार ठेवा.”

त्या गेल्यावर मी कुसुमला म्हणालो, “पुढं जायला एकच गिअर. कसं व्हायचं?”

“पुष्कळ झाला,” ती म्हणाली. “तुम्हाला कुठं चार लागतात?”

दसऱ्याच्या दुपारी कुसुमनं गाडीला ओवाळलं, चाकाखाली लिंबं ठेवली. अक्का पदर खोचून स्टिअरिंगच्या चाकामागं बसल्या, मी शेजारी. रसूलभाई पाण्याचा डबा बांधून सायकलवर मागून. अक्कांनी बॅक गिअर टाकला आणि आम्ही पुढं निघालो.

बॅक गिअर हा गाडी चार हात मागं घ्यायला असतो, गावातून मिरवायला नाही. इंजिन कोकलतंय आणि वेग बैलगाडीचा. त्यातून तो गिअर दर खड्ड्याला निसटायचा, म्हणून मी दोन्ही हातांनी दांडा धरून, पाय समोरच्या पत्र्याला टेकवून बसलो होतो. लोकांना वाटलं, मी देवाचा धावा करतोय. ते चूक नव्हतं. दोन्ही बाजूंनी नवे कपडे घातलेली माणसं हातात आपट्याची पानं घेऊन थांबून बघायची. अक्कांच्या जुन्या विद्यार्थिनी, आता पोराबाळांच्या आया झालेल्या, ओट्यावरून ओरडायच्या, “बाईऽऽ! बाई, तुमची गाडी!” आणि अक्का प्रत्येकीला नावानं हाक मारून हात करायच्या. मी म्हणायचो, “अक्का, हात चाकावर!” त्या म्हणायच्या, “मेस्त्री, तुमचा दांड्यावर असू दे.”

रसूलभाईंनी आम्हाला दोनदा मागं टाकलं. चुकून.

जकात नाका जवळ आला आणि चढ लागला. रेडिएटरमधून वाफ उसळली. रसूलभाईंनी सगळा डबा ओतला. पुन्हा निघालो, तर गिअर थांबेना. मी अंगाचा सगळा भार टाकला, तरी खाडकन बाहेर. तिसऱ्यांदा आतून असा कडकडाट झाला की माझ्या दाढा हलल्या.

“अक्का, हा गिअर आता टिकायचा नाही. दात गेले तर गाडी इथंच बसेल.”

सूर्य खाली आला होता. चढापलीकडं, दूर बांधावर शमीचं झाड आणि त्याभोवती त्यांच्या घरची माणसं दिसत होती. ढकलायचं नाही, ही अट. मी अक्कांकडं बघायचं टाळलं. एवढी वर्षं लायसन्स नवं करून ठेवणाऱ्या बाईला काय सांगायचं?

अक्कांनी एकदा शमीकडं बघितलं, एकदा गिअरच्या दांड्याकडं.

“चार चांगले आहेत ना अजून?”

“आहेत, पण ते मागं...”

“मग तोंड फिरवू.”

रस्त्याच्या कडेच्या मोकळ्या जागेत त्यांनी गाडी वळवून तिचं तोंड शहराकडं केलं आणि पाठ शमीकडं. उजवा हात चाकावर, डावा माझ्या सीटच्या पाठीवर, मान पूर्ण मागं. पहिला टाकला. गाडी अशी निघाली की मी पुढच्या काचेवर आपटलो. दुसरा. आता चढ संपत आला. नाक्यावरचा शिपाई बाहेर आला, गाडीचं तोंड बघून ओरडला, “ओ, आत येताव का बाहीर जाताव?”

“बाहेर!” अक्का ओरडल्या, आणि तिसरा टाकला.

मी ब्रेक फेल झालेल्या ट्रकच्या प्रवासातून वाचलो आहे. एकदा विहिरीच्या काठावर ट्रॅक्टर तपासला आहे. पण पाठमोऱ्या गाडीत, तिसऱ्या गिअरवर, रस्ता पुढून पळत दूर जातोय आणि आपण कुठं चाललोय ते दिसत नाही, अशी मजा आणि अशी भीती मला पुन्हा मिळालेली नाही. गाडीचं मागचं टोक जरासं वळलं तरी नाक हे एवढं झोकांडायचं. अक्का चाक दोन बोटांनी धरल्यासारखं धरून होत्या. केसांचा अंबाडा सुटलेला. “पळतेय हो!” त्या ओरडत होत्या. “मेस्त्री, पळतेय!” मीसुद्धा ओरडत होतो, पण त्यात शब्द नव्हते.

शमीपाशी माणसं भराभर बाजूला झाली. बैल उधळले. धुळीचा लोट आधी पोचला, मग आम्ही. अक्कांनी ब्रेक मारला आणि गाडीची शेपटी शमीच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर थांबली. ऊन अजून झाडाच्या शेंड्यावर होतं.

मल्लिनाथ पान चघळायचा थांबला होता. “अक्का,” तो म्हणाला, “उलटी आणलीस की!”

“आपल्या ताकदीवर आली का नाही?”

“आली. पर उलटी!”

“तोंड कुणीकडं पाहिजे ते तू सांगितलं नव्हतंस.”

आधी पोरं हसली, मग बायका, मग मल्लिनाथचं पोट हलायला लागलं. त्यानं गाडीभोवती फेरी मारली. मडगार्डच्या बाकावरून हात फिरवला. रसूलभाईंचा हात तसाच फिरला होता. मग पानं घेऊन अक्कांपुढं आला, वाकला आणि त्यांच्यात म्हणतात तसं म्हणाला, “बन्नी तगोंड बंगारदांग इरोण.” शमीची पानं घे, सोन्यासारखं राहू. पाया पडून उठताना माझ्याकडं न बघता पुटपुटला, “दोन माग कमी बसले तर बसले.”

अक्का पानं हातात घेऊन उभ्या होत्या. मग ‘सोन्यासारखं राहू’ म्हणून त्यांनी एक पान त्याच्या हातावर ठेवलं आणि दुसरं गाडीच्या बॉनेटच्या फटीत खोचलं.

सण उलटल्यावर मी आणि रसूलभाई पाने घेऊन शेडवर गेलो. गोळा सरळ करायचा होता आणि दांड्यासाठी चासीची पट्टी कापून नीट वळवायची होती, जे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. निम्म्या शेडमध्ये माग खडखडत होते. निम्मी मोकळी. मालक नाही, गाडीही नाही.

मागच्या मोकळ्या रानातून इंजिनाचा आवाज आला. बघतो तर गाडी मागं-मागं गोल फिरतेय, चाकावर मल्लिनाथ, मान पिरगाळलेली, तोंडातलं पान एका गालात. शेजारी अक्का.

“मान वळव, मल्ली! आरशात नको!”

आम्हाला बघून गाडी गचके देत थांबली. मल्लिनाथची नजर माझ्या खांद्यावरच्या पान्यांच्या पिशवीकडं गेली आणि त्याचा चेहरा पडला.

“आजच करायचं व्हय, मेस्त्री? चार दिवस थांबा की. आत्ता कुटं मला जमायलंय.”

मी अक्कांकडं बघितलं. गाडी त्यांची होती.

“पुढच्या आठवड्यात या,” अक्का म्हणाल्या. “याचा तिसरा गिअर राहिलाय अजून.”